तीनच्या खेळाला अख्खं घर

आमच्या घरात सिनेमाला जायला मिळणार की नाही, हे आज्जीवर असायचं. ती स्वतः कधी टॉकीजला येत नसे, पण आम्ही जायला तिची ना नव्हती. अट एकच. दिवेलागणीला लेकीसुना घरात पाहिजेत. देवाजवळ दिवा, तुळशीपुढं उदबत्ती, उंबऱ्यावर हळदीकुंकू हे सगळं वेळेवर आणि घरच्या बाईच्या हातानं झालं पाहिजे. टॉकीजचे खेळ तीन, सहा आणि नऊला. सहाचा खेळ नेमका तिन्हीसांजेवर यायचा, म्हणून तो बाद. नऊचा सुटेपर्यंत मध्यरात्र, एवढी पोरं घेऊन रात्रीचं कुठं हिंडता, म्हणून तोही बाद. राहिला तीनचा. हा हिशेब एकट्या आमच्या घरचा नव्हता. तीनच्या खेळाला तिकिटाच्या खिडकीपुढं बायकांची जी रांग लागायची, तिच्यातल्या बहुतेकींना सहाच्या आत घर गाठायचं असायचं. सिनेमा लांबलेला असला की शेवटच्या मारामारीच्या वेळी निम्म्या बायका चपला शोधत असायच्या.

मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत वाढले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घरात आबा म्हणजे आजोबा, आज्जी, आई-पप्पा, काका-काकी, आत्ती आणि आम्ही पोरं. एवढ्यांनी मिळून सिनेमाला जायचं म्हणजे एखादं कार्य काढल्यासारखंच होतं, आणि ते तसंच पार पाडलं जायचं. कुणी पैशाचं बघायचं, कुणी तिकिटाचं, कुणी खाण्याचं. मला आज सिनेमांच्या गोष्टी फारशा आठवत नाहीत. ही कामांची वाटणी मात्र लख्ख आठवते.

सुरुवात शुक्रवारच्या 'पुढारी'पासून. आतल्या पानावर सिनेमाच्या जाहिराती असायच्या: पद्मा, उमा, उषा, अयोध्या, प्रभात, पार्वती. कुठं काय लागलंय आणि खेळ किती वाजता, हे काकी मोठ्यानं वाचायची आणि आई भाकरी थापता थापता ऐकायची. (उमा टॉकीज, पार्वती टॉकीज ही नावं कोल्हापुरात आजही पत्ता सांगताना घेतात. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं.) त्यानंतर चौकशी. गल्लीत तालमीला जाणारी पोरं पहिल्याच दिवशी सिनेमा बघून यायची. आत्ती त्यांच्यातल्या एकाला दारात अडवून विचारायची, "घरच्यांनी मिळून बघण्यासारखा हाय न्हवं रे?" त्याच्या होकारावर पुढचं सगळं अवलंबून. तो पोरगाही जबाबदारी ओळखून नीट विचार करून उत्तर द्यायचा. एकदा त्यानं "नको मावशी, तुम्ही नका जाऊ" म्हटलं आणि सगळं रद्द झालं. कुणी कारणसुद्धा विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकायचा. आम्हां पोरांना बारालाच जेवायला वाढून अर्धा तास आडवं पाडायचे, म्हणजे टॉकीजच्या अंधारात झोप यायला नको. झोप कुणालाच लागायची नाही. मग वायरच्या पिशवीत चिरमुऱ्यांचा चिवडा, भाजलेल्या शेंगा आणि फिरकीचा पितळी तांब्या. तांब्या सांभाळायचं काम माझ्याकडं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. पप्पा उद्यमनगरात लेथवर कामाला, त्यामुळं सुट्टीच्याच दिवशी सगळं जमवावं लागायचं. आबा सगळ्यांच्या आधी तयार होऊन, धोतर आणि टोपी घालून, कट्ट्यावर बसलेले असायचे. त्यांना उशीर सहन व्हायचा नाही. पाट्या चुकल्या तर सिनेमा बघितला असं त्यांच्या लेखी होतच नव्हतं. पाट्या म्हणजे सुरुवातीला पडद्यावर येणारी नावं. त्याचं कारण पुढं सांगते.

आम्ही चालतच जायचो. मिरजकर तिकटी, तिथनं बिंदू चौक, सबजेलच्या दगडी भिंतीकडेनं लक्ष्मीपुरीत. काकी आणि आत्ती दोघी जणी भराभर पुढं जायच्या, कारण रांग धरायचं काम त्यांचं. बायकांची रांग वेगळी आणि सहसा लहान, म्हणून तिकीट काढायचं ते बायकांनीच. खिडकीपर्यंत जाणारी वाट दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी ठोकून केलेली, एका माणसापुरती अरुंद. शेवटी भिंतीत एक हात जाईल एवढं भोक. पैसे मुठीत धरून हात आत घालायचा, आणि आतल्या माणसानं तिकिटं कोंबली की तीच मूठ मिटून हात बाहेर ओढायचा. आत्तीच्या बांगड्या तिथं बऱ्याच वेळा फुटल्या. एकाला मोजकीच तिकिटं मिळत असल्यामुळं दोघींना उभं राहावं लागायचं. पातळ रंगीत कागदाचं तिकीट, त्यावर निळ्या पेन्सिलीनं गिरमटलेला नंबर. ती तिकिटं हातात आल्यावर आत्ती जाळीतनं बाहेर येऊन हात वर करायची, आणि रस्त्यापलीकडं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड लागल्यावर परत फिरायची वेळही आली. तेव्हा पप्पा सगळ्यांना खासबागेत नेऊन भेळ द्यायचे. काळ्याबाजारातलं तिकीट त्यांनी कधीच घेतलं नाही.

आत गेल्यावर डोअरकीपर बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायचा. लहानांना मांडीवर घ्यायचं, काठाला पप्पा आणि काका, मध्ये बायका. आधी काचेवर रंगवलेल्या जाहिराती, कापड दुकानाच्या, सराफाच्या. मग फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र, ज्यात कुठंतरी पूर आलेला असायचा किंवा धरणाचं उद्घाटन असायचं. आबा तेही लक्ष देऊन बघायचे. आणि मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. त्या कागदावर रिळांचा आकडा असायचा, आणि तो वाचायला आम्ही पोरं टपलेली असायचो. "सोळा!" कुणीतरी ओरडायचं, आणि थर्ड क्लासातनं टाळ्या पडायच्या. सोळा रिळं म्हणजे भरपूर सिनेमा, पैसे वसूल. तेरा-चौदा निघाली तर सगळीकडं नाराजी. एक रीळ साधारण हजार फुटांचं, दहा-अकरा मिनिटांचं, हे मला नंतर कळलं. पण जास्त रिळं म्हणजे जास्त आनंद, एवढं गणित आम्हाला पहिल्यापासून येत होतं.

सर्टिफिकेटनंतर पाट्या, आणि इथं आबा पुढं सरकून बसायचे.

आबा सुतार होते. जयप्रभा स्टुडिओत त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो स्टुडिओ जळाला तेव्हा ते पोरसवदा होते. राखेतनं खिळे, कड्या, बिजागऱ्या वेचून काढायचं काम त्यांनी केलं होतं. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी आपला हा स्टुडिओ पुन्हा उभा केला, तेव्हा त्या उभारणीत आबांचाही रंधा चालला. भालजींना कोल्हापुरात सगळे बाबा म्हणत. आबांच्या तोंडी तर तो शब्द देवाच्या नावासारखा यायचा. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार बाबांना जाहीर झाला, त्या दिवशी आबांनी गल्लीत पेढे वाटले.

आम्ही सगळे सिनेमातली गोष्ट बघायचो. आबा दारं बघायचे. वाड्याचा दिंडी दरवाजा, खांब, जिना, कोनाडे, झोपाळ्याच्या कड्या. हिरॉईन दार लोटून घेऊन रडायला लागली की सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांना, आणि आबा माझ्या कानाशी, "भिंत हलली बघ. टेकू नीट दिला न्हाई." एखादा महाल चांगला वठला असेल तर म्हणायचे, "हात हाय ह्या मिस्त्रीला." मराठी सिनेमात तर ते ओळखीचं शोधायचे. एकच कोरीव चौकट कितीतरी सिनेमांत वापरली जाते, एकात पाटलाच्या वाड्याला, दुसऱ्यात सावकाराच्या, तिसऱ्यात देवळाला, रंग तेवढा बदललेला, हे मला त्यांनी दाखवलं. मावळे झालेले गडी तालमीतले, गर्दीतली म्हातारी शेजारच्या पेठेतली. थिएटरात कुणीतरी त्यांना नावानं हाक मारायचं आणि हशा पिकायचा.

त्यांच्यामुळं मला हेही लहानपणीच समजलं की कोल्हापुरात सिनेमा बाहेरून आलेला नाही. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. घराणं कारागिराचं. त्यांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं इथंच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढं आणला. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तिथनं जाताना आबा टोपीला हात लावायचे. आबांना बाबूरावांचं सगळ्यात मोठेपण वाटायचं ते एका गोष्टीत: आधी नाटकासारखे रंगवलेले पडदे मागं टांगून सिनेमा काढायचे, आणि बाबूरावांनी खऱ्यासारख्या, आत शिरता येईल अशा खोल्या उभ्या केल्या. "तिथनं सुताराला काम मिळालं," असं ते सांगायचे. बाबूरावांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी १९२९ साली इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपटही इथंच झाला, आणि १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. ते जाणं आबांच्या पिढीला लागलं होतं. त्यांचे मिस्त्री त्याबद्दल बोलायचे, आणि मिस्त्रींचं ऐकून आबाही बोलायचे, जणू ते स्वतः तेव्हा स्टेशनवर निरोप द्यायला गेले होते.

एकदा सुट्टीत त्यांनी मला जयप्रभात नेलं. वाड्याचा सेट लागला होता. समोरून दगडी भिंत, मोठी कमान. मी हात लावला तर भिंत पोकळ वाजली. मागं नेऊन त्यांनी सगळं दाखवलं: लाकडी रिपांचा सांगाडा, त्यावर ठोकलेलं तरट, वर प्लास्टरचा हात, मग रंगाऱ्यानं रंगवलेले दगडाचे सांधे. मागं तिरके टेकू आणि त्यांच्या पायाशी वाळूची पोती. वर छतच नव्हतं, कारण तिथनं दिवे सोडायचे. "म्हणून कॅमेरा वर बघत न्हाई," आबा म्हणाले. माझा विरस होईल असं आईला वाटलं होतं. झालं उलटंच. एवढी माणसं एवढं झिजून खोटी भिंत उभी करतात आणि ती पडद्यावर खरी दिसते, याचं मला जे वाटलं ते अजूनही वाटतं.

टॉकीजच्या केबिनमध्येही मी गेले, ती पप्पांमुळं. ऑपरेटर त्यांच्या ओळखीचा होता, मशीनचा एखादा भाग वळवून द्यायचा असला की पप्पांकडं यायचा. खडा लोखंडी जिना, वर एक भट्टीसारखी तापलेली खोली, आणि दोन प्रचंड प्रोजेक्टर. दोन का, ते मला त्यानं समजावलं. एका मशीनवर साधारण वीस मिनिटांची फिल्म बसते. ती संपत आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका झळकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा एका मशीनची झडप बंद, दुसऱ्याची उघडी. खाली बसलेल्यांना काही कळता कामा नये. त्या दिवसानंतर मला प्रत्येक सिनेमात ते ठिपके दिसायला लागले, आणि वर कुणीतरी आत्ता हात पुढं केला असेल हे जाणवायला लागलं.

उजेड मात्र बल्बचा नव्हता. मशीनच्या पोटात तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर धरलेल्या, आणि त्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत. उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, काळ्या काचेतनं बघायचं. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, आणि ऑपरेटरनं त्या वेळेवर जवळ आणल्या नाहीत तर पडद्यावरचं चित्र अंधारतं. तेव्हा खालून "ए, कार्बन!" अशी बोंब उठते. मीही आधी ओरडायची त्यात. केबिन बघितल्यावर नाही ओरडले. तो माणूस भर उन्हाळ्यात बनियनवर, धुराचं नळकांडं डोक्यावर, तीन तास उभा होता. त्याला सिनेमा दिसायचा तो हातभर झरोक्यातनं.

त्यानं मला फिल्मचे तुटलेले चार-पाच तुकडे दिले. गल्लीतल्या पोरांनी फुकट गेलेल्या बल्बमधलं सगळं काढून त्यात पाणी भरलं, आरशानं ऊन आत घेतलं आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर ते चित्र पाडलं. हलत नव्हतं, पण दिसत होतं. एका सेकंदाला अशी २४ लागतात हे ऐकून सगळी गप्प झाली.

इंटरव्हलचं फार काही सांगत नाही. गोटी सोडा, खारे दाणे, चिवडा, सगळ्यांच्या घरी तेच. खरं काम घरी आल्यावर असायचं. आज्जीला सिनेमा सांगायचा. दिवा लावून झाला की ती जपमाळ घेऊन बसायची आणि म्हणायची, "हं, सांगा." आई गोष्ट सांगायची, काकी मध्येमध्ये दुरुस्त करायची, आत्ती गाण्यांच्या दोन ओळी म्हणायची. आज्जीचे प्रश्न अवघड असायचे. हिरो कोणत्या घरातला? एवढं मोठं घर चालतं कशावर? तिनं डबा दिला तेव्हा सासू कुठं होती? या प्रश्नांमुळं आई पुढच्या वेळी सिनेमा जास्त लक्षपूर्वक बघायची, असं तिनंच मला सांगितलं.

१९९१ साली अलका कुबल यांचा 'माहेरची साडी' आला, आणि सगळे नियम मोडले. खेडोपाड्यांतनं बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून येत होत्या. डोक्याला पदर, हातात भाकरीचं गाठोडं, कडेवर पोर. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेच्या कितीतरी पट. आईनं येऊन आज्जीला गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि तिला ती सांगता येईना, कंठ दाटून यायचा. काकीचंही तसंच. आज्जी तीन संध्याकाळी वाट बघत बसली. शेवटी म्हणाली, "मीच जातो आता." तीनची तिकिटं मिळाली नाहीत. सहाची मिळाली. आज्जीनं उन्हं असतानाच निरांजनात भरपूर तेल घातलं, वाती मोठ्या केल्या, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि देवाला नमस्कार करून निघाली. टॉकीजमध्ये तिला शेजारी कोण बसलंय त्याचा पत्ता नव्हता, त्या अनोळखी बाईचा हात मात्र तिनं शेवटपर्यंत धरला होता. ती बाई हातकणंगल्याकडची होती. पुढं कितीतरी वर्षं दोघींच्या घरी हळदीकुंकवाला जाणं-येणं होतं.

मला या सगळ्यात सिनेमापेक्षा हेच मोठं वाटतं. त्या सिनेमाला लोकांनी रडका म्हटलं, म्हणोत. आमच्या आज्जीला पहिल्यांदा घराबाहेर, चारचौघींत, मोकळं रडायला जागा मिळाली ती त्या अंधारात. तिचं पहिलं लेकरू गेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं आबा म्हणायचे.

आबा गेल्यावर तीनच्या खेळाला सगळ्यांनी मिळून जाणं हळूहळू थांबलं. आत्तीचं लग्न झालं, काका वेगळे झाले, घरात रंगीत टीव्ही आला. टॉकीजही एकेक करून बंद पडत गेल्या. आता मी भाच्याला घेऊन मल्टिप्लेक्सला जाते. तिकिटं मोबाईलवर, जागा आधीच ठरलेली, बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत. खुर्च्या चांगल्या आहेत, आवाज तर फारच चांगला. तक्रार नाही माझी.

आबांचं नाव कधी पाट्यांवर आलं नाही. कलादिग्दर्शकाचं यायचं, सुतारांचं यायची पद्धतच नव्हती. तरी ते दर वेळी सरकून बसून वाचायचे, ओळखीचं कुणी आहे का म्हणून. आता पाट्या शेवटी येतात आणि खूप लांब असतात. सेट उभारणारे, रंगारी, सुतार, दिवे धरणारे, जेवण देणारे, सगळ्यांची नावं असतात. लोक तोवर निघालेले असतात, झाडूवाला आत आलेला असतो. भाचा हात ओढतो.

"आत्ती, सगळी गेली की. चल."

"थांब रे. अजून सुतार यायचेत."